वजें

पहाटे सहाला काणकोणच्या मैदानावर
दव इतकं, की बूट आधीच हरलेले.
शेडमध्ये बॅटरीच्या तीन गाड्या
वायरी तोंडात धरून उभ्या.
मिलाग्रिन वहीवर पेन टेकवून विचारते,
मान वर न करता:
"गाडी, ट्रॉली की कॅडी?"

मी एकतीस वर्षं सावर्ड्याच्या धक्क्यावर
बार्जींची टॅली लिहिली.
खनिज आम्ही कधी तराजूत घातलं नाही.
बार्जीच्या कुशीवर पांढरे आकडे रंगवलेले असत,
ती किती बुडाली ते वाकून बघायचं
आणि लिहायचं, एवढे टन.
वजन म्हणजे वाहणारा किती खाली गेला ते.
दुसरी व्याख्या मला कुणी शिकवली नाही.

खाण बंद पडली तेव्हा केबिन रिकामी करता करता
साहेबांनी ही बॅग माझ्या गळ्यात घातली,
थकलेल्या दोन पगारांऐवजी चौदा दांडे.
वस्तू घरात आली की तिचा उपयोग शोधावाच लागतो,
म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी हा खेळ शिकलो.

गाडी नको.
फटका चुकल्याचा राग चालता चालता गवतात जिरतो,
गाडीत तो शेजारी बसून येतो.
खांदा?
मडगावच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला
आणि नुसतं "हूं" केलं.
ट्रॉलीचं डावं चाक असं किरकिरतं
की टिटवी उलट उत्तर देते.
आणि कट्ट्यावर फोंडू वेळीप,
माझ्याहून तीन वर्षांनी मोठा,
पोटऱ्यांवर निळ्या शिरांची गाठोडी,
अनवाणी.

मी म्हटलं, "ट्रॉली."

फोंडूनं विडी विझवली, उरलेली कानावर ठेवली.
"बाब, माझी दया करतोस,
ती माझ्याच मजुरीतून?"
मग बॅगेचा पट्टा उचलत,
"वजें म्हजें. खेळ तुजो."

मिलाग्रिननं माझं उत्तर खोडून वहीत नवं लिहिलं.
मी तरी चोरून पाच दांडे काढले, बाकाखाली सरकवले.
त्यानं बघितलं. चार तिथेच ठेवले, एक परत खोचला.
"हा राहू दे. सातव्याला तळपणेवरून वारं येतं."

चालताना मी सवयीनं मागे वळून बघत होतो.
दवात दोन माणसांच्या पावलांच्या ओळी.
रिकाम्या हातांची माझी पावलं खोल,
टाचेशी पाणी साचलेलं.
त्याची अशी, की गवत मागोमाग उठून उभं राहतंय.
एकतीस वर्षांची टॅली
मी मनातल्या मनात एकदा पुन्हा तपासली.

सातव्याला वारं आलं.
तो दांडा लागलाच. चेंडू मात्र नदीत गेला,
त्याला दांडा काय करणार.

तिथेच पुढच्या मंडळींची गाडी
ओल्या रेतीत मागच्या चाकांवर बसली.
दिल्लीचे दोघे फोन उंच धरून रेंज शोधत होते.
फोंडूनं बॅग ठेवली,
ती आपल्या दोन काटक्या पायांवर बगळ्यासारखी उभी राहिली,
आणि तो गाडीला खांदा द्यायला गेला.
कुणी बोलावलं नव्हतं.

मी पट्टा उजव्या खांद्यावर घेतला.
झेंड्यापर्यंत दीडशे पावलं असतील.
पन्नासाव्या पावलाला खांदा बोलला,
नव्वदीला मी थांबलो, समुद्र बघतोय असं दाखवलं.
सुरूंच्या पलीकडे खरंच तो होता.

फोंडू आला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल.
दिल्लीवाल्यांनी दिलेली नोट अजून हातातच,
घडी न घातलेली.
काही बोलला नाही.
बॅग काढून घेतली, पट्ट्याचं बक्कल सोडलं,
माझ्या उंचीचं भोक ओलांडून
दोन भोकं आत घेतलं, जिथे चामडं
आधीच काळं आणि मऊ झालं होतं.

"आठव्याला कुठला देऊ?"
मी म्हटलं, "तू सांग."