मक्याचे दाणे

श्कोदरमध्ये निवडणूक आहे.
दोन्ही पक्षांचे भोंगे आमच्याच गल्लीत येऊन भांडतात,
नेमके माझ्या तिन्हीसांजेच्या प्रार्थनेला.
‘मारिये, आम्हां पाप्यांसाठी’ इथवर येते
आणि खालून कुणी पेन्शन दुप्पट करतो.

मत देते मी. पण शाईचं बोट कपाळाला लावून
क्रूसाची खूण करताना अवघडते.

कॅफेत माझा नातू ग्येर्ग
पंतप्रधानाला चोर म्हणतो, चांगला खणखणीत.
वेटर कॉफी आणून ठेवतो.
बस्स, एवढंच घडतं.

आईची जपमाळ मक्याच्या दाण्यांची होती, सुटी, ओच्यात.
दार वाजलं की कोंबड्यांपुढे टाकायची.
एकदा तो माणूस शेवटचा दाणा टिपला जाईपर्यंत
उंबऱ्यात उभा राहिला.
आईचे ओठ मिटलेले. आतली जीभ मोजत होती,
हे मला आत्ता कळतं, सत्तरीत.

काल वैतागून उठले, खिडकीच्या कडीला हात घातला.
खाली कुणी धादांत खोटं बोलत होतं,
घसा फोडून, नाव सांगून.

हात तसाच राहिला.
मग मीही आवाज चढवला, जमेल तेवढा.
वरच्या मजल्यावरून झेलिहा ओरडली,
तिची नमाज नुकतीच आटोपली असावी:
“द्रांदे, ऐकू येत नाही गं! मोठ्यानं!”