शाळा सोडल्याचे कारण

जून उजाडला की माझ्या खिडकीपुढं रांग लागते.
दाखला पाहिजे. पडताळणीला, पासपोर्टला,
एकाला तर वडलांच्या पेन्शनला,
वडील वारून दोन वर्षं झाली तरी.
मी कपाट उघडते. कपाटावर अजून
महापुराची रेघ आहे, माझ्या खांद्याला येईल एवढी.

खंड एक. सन अठ्ठावन्न.
हायस्कूल तेव्हा कुंभीकाठी, चौगुल्यांच्या गुऱ्हाळात भरायचं.
दर आधणामागं गुळाचा एक रवा शाळेला,
त्यातून खडू, फळा, मास्तरांचा पगार,
तोही कधी कधी रव्यातच.
घाणा सुरू झाला की वर्ग उठायचे,
काहिलीला जागा करून द्यायचे,
आठवी बिरदेवाच्या देवळामागं, नववी धावेवर.
पहिल्या पानावर पाकाचा डाग आहे.
दर उन्हाळ्यात एखादी मुंगी
अजून चौकशी करून जाते.

अक्षर मगदूम मास्तरांचं. टाकाचं.
जन्मतारीख: एक जून. एक जून. एक जून.
सव्वीस पोरं एका दिवशी जन्मलेली.
आयांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे,
बेंदराच्या आदल्या आठवड्यात,
तांबडी म्हस व्याली त्या रात्री,
जोतिबाच्या यात्रेत, पायरीवरच कळा आल्या.
मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं
आणि एक जून लिहिलं.

मी वाचते ते शेवटचा रकाना.
अनुत्तीर्ण. कारखान्यावर लागला. मिलिटरीत भरती.
गाव सोडले. गाव सोडले. वारला.
(वारल्याच्या पुढंही नियमाप्रमाणं
वर्तणूक: चांगली.)
आणि सन सहासष्ट, नोंद दोनशे अकरा,
खुतेजा बाबालाल शिकलगार, नववी,
शाळेतली पहिली पोरगी.
कारण: लग्न.
ते खोडलंय. वर बारीक अक्षरात,
इच्छा नसताना.
शेजारी तपासनीस साहेबांची लाल शाई:
असे कारण नियमात बसत नाही.
खाली मास्तरांची सही. तारीख. परत सही.

आता सगळं पोर्टलवर आहे.
कारणांची यादी आयती येते, एकावर बोट ठेवायचं,
कशातच बसलं नाही तर ‘इतर’.
यंदा ‘इतर’मध्ये नऊ जण आहेत.

महापुरात कपाट बुडत होतं तेव्हा
शिपाई दत्तूमामा आणि दहावीतली पोरं
चौगुल्यांची जुनी काहील घेऊन आली,
ढकलत, बादलीनं पाणी उपसत,
आणि सगळे खंड तीत घालून
देवळाच्या माळावर नेले.
नंतर आठ दिवस पोरी पानापानात
वर्तमानपत्र घालून इस्त्री फिरवत होत्या.
पूर्ण वाळलं नाहीच. खंड दोन अजून
उघडताना कुरकुरतो, तळलेल्या पापडासारखा.

काल मधल्या सुट्टीत,
पोरांच्या ताटांचा गलका चाललेला,
खिडकीशी एक म्हातारी. काठी, नातू, चष्म्याला दोरा.
‘मला दाखला नगं. काय लिवलंय तेवढं बघू दे.’
नातू म्हणाला, मी वाचतो.
‘तू गप. मी नववी हाय.’

तिनं बोट ठेवून वाचलं. दोनदा.
लाल शाईही वाचली, आणि हसली.
‘मास्तर म्हटला हुता, खरं तेच लिवतो.
मला वाटलं, पोरीला रडायची थांबवाय म्हटला.’

मग पदराची गाठ सोडत विचारलं, फी किती?
बघायची फी नसते, मी म्हटलं.
ती तरी बसून राहिली.
‘तू कुठल्या शाळंची?’
हीच.
मग सांगून टाकलं: दहावी मात्र बाहेरून,
सतरा नंबरचा फॉर्म भरून.
‘म्हंजे तूबी मधनंच.
मग तुझं काय लिवलंय गं?’

घंटा झाली. पोरं ताटं आपटत नळावर गेली.
मी म्हटलं, तो खंड वरच्या फळीवर आहे, आजी,
स्टूल लागतं.

नातू स्टूल शोधायला गेलाय.