पंधरा बाइट

ई-एन-पी-तीन-एस-शून्य.
रात्री दोनला फोनवर मी हे सांगायचे
आणि पलीकडून रामसेवक,
"मॅडम, फिर से बोलिए, ई के बाद?"
ई के बाद दर वेळी भलतंच काही यायचं.
तोवर एक्स-रे खालीच अडकलेला,
वर डॉक्टर पडद्यासमोर हाताची घडी घालून.

दिघेकाकांच्या काळात इथ-शून्य, इथ-एक होते.
मशीन बंद करून चालू केलं
की जुळे जागा बदलायचे,
शून्य म्हणायचा मीच एक.
काकांनी वायरींना पट्ट्या चिकटवल्या,
औषधांच्या बिलांच्या कोऱ्या बाजूच्या.
तिन्हींवर एकच शब्द: "हीच."

नवी नावं शहाणी, जागा सोडत नाहीत.
तिसरी गल्ली, शून्यावं घर,
पत्ताच तो.
पण पत्ता म्हणून कोणी हाक मारतं का?
आम्ही जिन्सी नाला नंबर दोनवाले,
आमचाही आकडा टपालापुरता.

नावात पंधरा बाइट मावतात.
रोमन अक्षर एक खातं, आपलं तीन;
काना वेगळा, मात्रा वेगळी,
अनुस्वारसुद्धा फुकट बसत नाही.
म्हणजे पाच.
बोटांवर मोजलं.
बाहेर: बसतं.
मुरार, तिथल्या शाखेची लाइन: बसतं.
लष्करही बसलं असतं, पाय मोडका ष धरून.
ग्वाल्हेर नाही, नऊ होतात.
एक्स-रेवाल्याला म्हटलं, तू हाडं.

इंटरफेस खाली घेतला, नाव दिलं, वर आणला.

मग परवा, पुन्हा दोनला:
"मॅडम, ये हाडं की बत्ती बुझी है.
बाहेर जल रहा है, मुरार भी.
हाडं माने?"
"हड्डी."
तो हसला. मी म्हटलं, हड्डीची वायर काढ, परत खोच.
दीड मिनिट.

झोप मात्र उडाली.
ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं,
माझंही नाव असंच बदललं होतं,
खाली न घेता,
चालू असतानाच.
ते मोजलं. संज्योत. सात.
मावत नाही.
आईनं ठेवलेलं मोजलं. पाच, काठोकाठ.

चौथ्या पोर्टाला वायर नाही, दिवा नाही.
सकाळी, शिफ्ट बदलायच्या आधी,
त्याला नाव दिलं: उल्का.
कोणी विचारलंच तर सांगेन,
राखीव आहे.