पाच टक्के

शारजात, रोल्यामागच्या गल्लीत,
शैजाच्या दुकानात मी दोन टॉप घेऊन उभी.
एकच निळा. बत्तीस दिरहॅम, बत्तीस दिरहॅम.
एकाच्या मानेशी लिहिलंय शंभर टक्के कॉटन,
दुसऱ्याच्या पंच्याण्णव, आणि पाच टक्के
ते काहीतरी, ज्याचं नाव खोकल्याच्या औषधासारखं आहे.

शैजा दुसरा टॉप दोन्ही हातांनी ताणते, सोडते.
टॉप परत जागेवर. झालंच काय?
मला हे जमत नाही. निदान इतक्या पटकन तरी.

बाहेर ऑगस्ट. हवा ओल्या टॉवेलसारखी.
बसथांब्यापासून लॅबच्या दारापर्यंत एकशे चाळीस पावलं,
तेवढ्यात सुती कापड पाठीला चिकटतं,
आणि आत, अठरा अंशांत,
तोच घाम गार होऊन मणक्यावर ठाण मांडतो
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
स्ट्रेच लवकर वाळतं. पण संध्याकाळी त्याला वास येतो,
तो माझा नाही, त्याचा आहे,
हे लिफ्टमध्ये कुणाला सांगणार?

अण्णा असते तर म्हणाले असते, जाळून बघ.
इचलकरंजीत सुताच्या पेढीवर ते असंच करायचे.
गिऱ्हाइकासमोर धागा ओढायचा, काडी लावायची.
कागद जळल्याचा वास, चिमटीत विरणारी राख: सूत.
टोकाला काळा मणी उरला, तर
"मिसळ आहे, राव."
मिसळ हा शब्द ते अशा सुरात म्हणायचे
की मी कित्येक वर्षं हॉटेलात ती मागवताना चाचरायचे.

पण अण्णांना रोज नव्वद बाह्या बघाव्या लागल्या नाहीत.
मी रक्त काढते. व्हिसाची तपासणी.
समोर बसणाऱ्याला एवढंच सांगते: बाही वर.
माणसं मला कोपरापासून मनगटापर्यंत ठाऊक आहेत,
कापडं त्याहून जास्त.
नवा आलेला लगेच ओळखू येतो.
सुती शर्ट, बॅगेतल्या घडीची रेघ अजून दंडावर,
बाही अडते, तो ओशाळतो,
बटण काढतो, दुमडतो, पुन्हा दुमडतो,
लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा.
दोन वर्षांनी तोच येतो, नूतनीकरणाला.
अंगात टी-शर्ट. बाही एका झटक्यात वर, तिथेच थांबते.
सुईकडे तो बघतही नाही.

परवा जुलेखाबी खलफे आल्या, राजापूरच्या.
बुरख्याची बाही सरकवली, तर आत जुनं सुती झंपर,
कोपराशी ठिगळ, त्या ठिगळालाही रफू.
"पोरगा बोलतो टाकून दे."
मग?
"टाकू कसा? ह्याला माझा कोपर म्हायत हाय."
आणि मूठ आवळून माझ्याकडे बघत राहिल्या,
जणू सुई मलाच टोचायची होती.

"दीदी, कोणता?" शैजा विचारते.
तिच्या अंगावर दुकानाचा गणवेश, शंभर टक्के पॉलिस्टर,
तिला कुणी विचारलेलं नाही.

मी कॉटनचा घेतला.
रात्री, खोलीतल्या तिघी झोपल्यावर,
गॅसपाशी उभी राहून आतून एक धागा ओढला.
जाळला.
मणी.
काळा, तिळाएवढा, नखाने फुटेना.
बत्तीस दिरहॅम! शैजाला काय काय ऐकवायचं
ते मनात हिंदीत जुळवत होते,
तेव्हा दिसलं, धागा शिवणीचा होता.
मग कडेचं सूत उसवलं, अगदी कापडातलं.
कागदाचा वास. राख.
कापड खरं. मिसळ होती ती फक्त शिवण,
ज्याच्यावर सगळं टिकून होतं.

अण्णा, शिवणीचं तुम्ही कधी बोलला नाहीत.

सकाळी इस्त्रीच्या रांगेत माझा नंबर तिसरा.
चुरगळलेलाच घालून गेले.
पहिला माणूस बसला.
बाही वर, मी म्हटलं,
आणि माझी खाली घसरलेली
हनुवटीने वर ढकलली.