बिनवासाचं

व्हिनेगर होतं तोवर
मढवीकाकू डक्टमधून विचारायच्या,
"कसला लोनचा घातलास गो, येवऱ्या राती?"
न्हाणीघराच्या दाराला काळं कापड,
कमोडवर फळी, फळीवर तीन ट्रे
आणि लाल दिव्यात खोकणारी मी.

आता वाण्याकडून लिंबूफूल आणते,
लिटरला मोठा चमचाभर.
डेव्हलपरला क जीवनसत्त्व, धुण्याचा सोडा,
फेनिडोनची चिमूट.
हायपो साधाच, आम्ल न घातलेला.
कोपरखैरण्यातलं हे न्हाणीघर
आता नुसतं ओलं.
खिडकीची फट मात्र टेपनं बुजवते,
उजेडासाठी म्हणून.
दोननंतर पावण्याकडून जे येतं
त्याला अजून पर्याय निघालेला नाही.

काकूंनी एक निगेटिव्ह दिली होती,
बिस्किटाच्या डब्यातली.
सासऱ्यांचं खाचर, मागे खाडी.
तिथे आता सेक्टर आहे. आमचाच.
कागदावर आधी बांध आला,
मग चिखल,
मग चिखलात गुडघाभर सासरे.

सकाळी नेऊन दिला, दमट होता अजून.
चष्मा त्यांनी लावलाच नाही.
कागद नाकाशी धरला,
उलटा केला, पुन्हा धरला.

"याला वास कसा नाय गो?"