वजनकाटा

वादळानंतर अकराव्या दिवशी
बुरोंडीच्या अंगणवाडीत काटा पुन्हा टांगला.
छत नाही. वासा आहे, वाशाला दोरी.

अफीफा झोळीत बसेना.
टांगलेलं उडतं, म्हणाली.

मग आधी बाहुलीला बसवलं,
मग माझ्या एका चपलेला,
मग तिच्या मामूच्या जाळ्यातल्या शिशाच्या गोळीला.
प्रत्येकाचं वजन तिनेच ओरडून सांगितलं,
आकडे येत नाहीत, तरी.
मग बसली.

अकरा किलो दोनशे.
वादळाआधी अकरा नऊशे.

रजिस्टरात कारणाचा रकाना: ताप, जुलाब, इतर.
'इतर' बोटभर.
त्यात तिच्या अब्बांची फुटलेली होडी मावत नाही,
खळ्यावर कुजलेली सुकट मावत नाही,
आणि तिच्या अम्मीचं रात्री तीनला उठून
दर्या कुठवर आलाय
ते बॅटरी मारून बघणं.

मी लिहिलं: इतर.
सोमवारी ये गो, अंडं ठेवते, म्हटलं.

निघाली, आणि पायरीवरून परत फिरली.
रिकामी झोळी वाऱ्यानं हलत होती.
दोन्ही हातांनी तिने ती धरून ठेवली,
काही न बोलता,
मी दोरी सोडेपर्यंत.