पाच टिंबं

फेब्रुवारी सरत आला की
मी स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करते.
पावाचे चुरे झटकते, दिव्याची मान खाली ओढते,
डिसेंबरचं खोकं उघडते.
वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विणलेली हृदयं,
काही अर्धीच, काही कानाशी सुटलेली.
ती बाजूला. कागद तळाशी आहे.

कागद मी विकत घेत नाही.
बंद पडलेल्या फेरीबोटीची वेळापत्रकं,
एकतीस वर्षं जिथं तिकिटं फाडली
त्या खिडकीतून उचलून आणलेली,
सगळी पाठकोरी.

एक घडी. आणखी एक. मग तिरपी.
कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा.
माझ्या भावाला हे कधी जमलं नाही,
त्याच्या चांदण्यांना नेहमी एक पाय कमी.
उलगडेपर्यंत काही कळत नाही:
कधी जाळी होते, कधी माशाचे काटे,
कधी नुसतं भोक, आणि भोकाच्या कडेला
‘सुटण्याची वेळ सकाळी ६.४०’.

मधोमध चार ओळी, यमक जुळवून, जरा वात्रट.
खाली सही नाही.
नावात अक्षरं जितकी, तितकी टिंबं.
माझी पाच.
युटे: लिहिताना पाच, हाक मारताना दोन.
पाकिटात एक हिमफूल, बागेतलं पहिलं,
थंडीला गंडवून वर येणारं.
ओळखलंत, तर ईस्टरचं अंडं मी देणार.
नाही ओळखलंत, तर तुम्ही.

समोरच्या एस्बेनला
बावीस वर्षांत एकदाही ओळखता आलं नाही.
जाळी विणून विणून ज्याच्या नजरेतून
एक गाठ निसटायची नाही, त्याला.
पत्र उजेडाकडे धरून म्हणायचा,
“पाच. कोण बरं?
पाद्रीबाई हेलेने? छे, तिची सहा.
बेकरीतली बोडिल? तिला कुठं कात्री धरता येते?”
मी समोर कॉफी ओतत असायची,
बोटांवर गोंद वाळलेला.
आणि ईस्टरच्या रविवारी माझ्या पायरीवर
चंदेरी कागदातलं अंडं. मार्झिपानचं.
ज्याला ठाऊकच नाही कोणाला द्यायचं
त्याला माझी पायरी कशी सापडते,
हे मी विचारलं नाही. खाऊन टाकायची.

यंदा त्याच्या कपाटांवर चिठ्ठ्या आहेत.
मुलीनं लावल्यात, मोठ्या अक्षरांत:
कप. औषधं. हे दार बाहेरचं.
माझं पत्र टेबलावर उघडं.
त्यानं टिंबांवर एकेक बोट ठेवलं.
पाच. पुन्हा मोजली. पाच.
“कोण बरं?”
शब्द तेच. मी वाट पाहिली
त्याच्या ओठाचा डावा कोपरा हलण्याची.
नाही हलला.

मग त्यानं पेन्सिल घेतली,
एकेका टिंबाखाली एकेक अक्षर लिहिलं,
शाळेत लिहितात तसं, जीभ दातांत धरून,
आणि त्याचंच नाव तिथं बरोबर बसलं.
“अरेच्चा,” तो म्हणाला,
“हे तर मीच पाठवलंय.”

सांगता आलं असतं मला.
पण नाव सांगायचं नसतं, खेळच तो आहे.
मी कप विसळले, पालथे घातले,
चिठ्ठी होती त्या कपाटात ठेवले.

ईस्टरच्या सकाळी मी खिडकीशी
नातीच्या कन्फर्मेशनची कार्डं कापत होते.
समोर, त्याच्या स्वतःच्या पायरीवर,
चंदेरी काहीतरी चमकलं.
दार उघडलं. सपाता, अंगावर रात्रीचाच स्वेटर.
वाकून त्यानं ते उचललं,
रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं,
कोणी लबाड पळताना दिसतं का म्हणून,
आणि इतका खूश झाला
की मी कात्री खाली ठेवली.

दहा मिनिटांनी माझी बेल वाजली.
बशीत अर्धं अंडं, सुरीनं नीट कापलेलं.
“कोणीतरी ठेवून गेलंय,” तो म्हणाला.
“मार्झिपानचं आहे. तुला आवडतं.”

“कोण बरं?” मी म्हटलं,
आणि बशीला हात पुढे केला,
बोटांवरचा गोंद न पुसता.